लाल-पांढरे ठोकळे, दुसऱ्यांदा

चिंचवडहून निघताना बसमध्ये मी पाढे म्हणत होते. एकोणतीसच्या पाढ्यात अडकले, तेव्हा राष्ट्रपतींची नावं आठवायला घेतली. सदतिसाव्या वर्षी बुद्धीची परीक्षा म्हटल्यावर माणूस आणखी काय करणार? आदल्या रात्री नवऱ्याने थट्टेत ‘ऑल द बेस्ट’ म्हटलं होतं. सकाळी मी खरोखरच देवाला नमस्कार करून निघाले होते.

आत गेल्यावर चाचण्या घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, “रात्री झोप झाली का?” मग, “शेवटची फिट कधी आली?” मग, “सकाळच्या गोळ्या किती वाजता घेतल्या?” पाढ्यांचं नावच नाही. माझी शेवटची फिट आदल्या आठवड्यात येऊन गेली होती. “काल-परवा आली असती तर आज तुम्हाला घरी पाठवलं असतं,” त्या म्हणाल्या. “फिटनंतर डोकं एक-दोन दिवस जड असतं. तेव्हा जे मोजलं जातं, ती फिटची मोजणी होते, तुमची नाही.”

हे वाक्य ऐकलं आणि मला एकदम हिंगणघाटचा एसटी स्टँड आठवला.

पण आधी आजाराचं, म्हणजे अपस्माराचं सांगते. सव्वा वर्षाची असताना मला तापात आकडी आली, ती म्हणे अर्धा-पाऊण तास थांबलीच नाही. मग काही वर्षं शांततेत गेली आणि तिसरीत असताना पुन्हा सुरू झालं. माझ्या नेहमीच्या फिटा लोकांच्या कल्पनेतल्यासारख्या नसतात. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पोटात होतं तसं काहीतरी पोटातून वर चढतं. मग मी तोंडात काही नसताना चघळल्यासारखं करते, ओढणीशी चाळा करते, हाक मारली तर ओ देत नाही. दीड-दोन मिनिटांत संपतं, पण त्यानंतर पाच-दहा मिनिटं शब्द फुटत नाही. समोरचं सगळं दिसतं, बोलता मात्र येत नाही. पडून हातपाय झाडायची मोठी फिट वर्षा-दोन वर्षांतून एखादी, तीही बहुतेक झोपेत. त्यामुळे मोठ्या फिटेला कांदा आणि चप्पल घेऊन धावत येणारे शेजारी छोट्या फिटेला ‘पोरगी तंद्रीतच असते’ एवढंच म्हणत. शाळेत बाई वेंधळी म्हणायच्या.

आता १९९७. मी दहा वर्षांची, पाचवीत. बाबांना कुणीतरी सांगितलं की नागपूरला एका दवाखान्यात मुलांची बुद्धी तपासतात, त्यावरून पुढे किती शिकवायचं ते ठरवता येतं. निघायच्या आदल्या रात्री मला झोपेत मोठी फिट आली. जीभ चावली गेली होती. आई म्हणाली, उद्या नको. बाबा म्हणाले, तारीख मिळाली आहे, पुन्हा कधी मिळेल. पहाटेच्या एसटीने आम्ही गेलो. मी तेव्हा फिटांवर गार्डिनाल नावाचं औषध घेत होते. ते घेतलं की दिवसभर डोळ्यांवर ओली चादर टाकल्यासारखं वाटायचं. तपासणारा माणूस हिंदीत बोलत होता. मला हिंदी कळायचं, पण उत्तर द्यायला ते वऱ्हाडीतून उचलून हिंदीत ठेवावं लागायचं आणि तेवढ्यात तो पुढच्या प्रश्नावर गेलेला असायचा. एवढं आठवतं की त्याने टेबलावर लाल-पांढरे ठोकळे ओतले आणि कार्डावरची नक्षी करून दाखव म्हणाला. मी ठोकळे हातात धरून बसले. जीभ दुखत होती. त्याने घड्याळ दाबलं.

कागदावर आकडा आला: ७६. खाली शेरा, ‘सीमारेषेवरील बुद्धी. अभ्यासाचा ताण देऊ नये.’ आदल्या रात्रीच्या फिटेबद्दल एक अक्षर नाही, औषधाबद्दल नाही, भाषेबद्दल नाही. बाबांनी तो शेरा शब्दशः पाळला. मला कुणी ताण दिला नाही. माझ्या धाकट्या भावाला शिकवणी लागली, मला शिवणक्लास. बारावी कॉमर्स आणि मग बी.कॉम. मी हट्टानं बाहेरून केलं, तेही ‘हिला झेपेल का’ हे वाक्य दर परीक्षेला ऐकत. रागावून लिहीत नाही. बाबांनी भीतीपोटी केलं. त्या दवाखान्यावरचा राग मात्र अजून आहे.

त्यातली गंमत मला हल्ली कळली. माझी झाली ती चाचणी बहुधा मालिनची असावी, असं मॅडमना माझ्या वर्णनावरून वाटलं. ही चाचणी नागपूरच्याच डॉ. आर्थर मालिन यांनी अमेरिकेतल्या वेक्सलर चाचणीवरून भारतीय मुलांसाठी बेतली. तिचं पुस्तक निघालं १९६९ मध्ये. त्यात अकरा भाग आहेत, सहा बोलण्याचे आणि पाच हाताने करायचे, आणि दोन्हींचे गुण वेगवेगळे काढता येतात. म्हणजे ‘हिला शब्द जड जातात, पण नक्षी जमते’ किंवा उलट, हे तेव्हाच कळू शकलं असतं. माझ्या कागदावर दोन्ही मिसळून एकच आकडा होता.

मोठेपणी असेसमेंट करायची वेळ आली ती ऑपरेशनमुळे. इतक्या वर्षांत पाच औषधं झाली. त्यातल्या टोपिरामेटने फिटा कमी झाल्या, पण पतसंस्थेच्या काउंटरवर माझी फजिती व्हायला लागली. रोज येणारे खातेदार समोर उभे, चेहरा ओळखीचा, खाते क्रमांकसुद्धा आठवतो, आणि नाव येत नाही. ‘या औषधाने शब्द अडतात, हे आम्हाला माहीत आहे’ असं म्हणून डॉक्टरांनी ते बंद केलं. शब्द थोडे सुटले, पण नावं काही परत आली नाहीत. मग डॉक्टरांनी समजावलं की नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधं अपुरी पडली, की तिसऱ्या-चौथ्याने फिटा पूर्ण थांबतील ही आशा फार कमी उरते. अशा वेळी ऑपरेशनचा विचार करतात. एमआरआयमध्ये डाव्या कानामागे आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आकसलेला दिसला. लहानपणी लांबलेल्या तापाच्या आकडीनंतर असं बऱ्याच जणांत सापडतं म्हणे. चार दिवस डोक्याला वायरी लावून, कॅमेऱ्यासमोर ठेवून व्हिडिओ ईईजी झाला. फिटा तिथूनच निघत होत्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशी ऑपरेशनं १९९५ पासून होत आली आहेत, आता पुण्या-मुंबईतही होतात. पण सर्जन हात लावायच्या आधी हा भाग अजून किती काम करतो ते बघायचं असतं. ते काम न्यूरोसायकॉलॉजिस्टचं, म्हणजे चाचण्यांवरून मेंदूचं काम तपासणाऱ्या या मॅडमचं.

दोन दिवस लागले. पहिला तास नुसता गप्पांचा वाटला. कंगवा कोणत्या हाताने, झाडू कोणत्या, काडी पेटवताना पेटी कोणत्या हातात? घरात कुणी डावखुरं? कितवीपर्यंत शिकलात, कोणत्या माध्यमात, स्वप्नं कोणत्या भाषेत पडतात? हातांवरून एवढी चौकशी का, असं विचारलं तर म्हणाल्या, उजवा हात वापरणाऱ्या बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, तुमची कुठे आहे त्याचा अंदाज हवा. मग नवऱ्याला वेगळं बसवून विचारलं. त्याने काय सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. बाहेर आल्यावर तो थोडा वेळ माझ्याकडे बघत नव्हता. मनःस्थितीचा एक छोटा कागद होता, सहा प्रश्नांचा. त्यातल्या एका प्रश्नावर मी बराच वेळ पेन टेकवून बसले. फिटा असणाऱ्यांमध्ये उदासी पुष्कळदा असते आणि ती विसराळूपणाची नक्कल करते, म्हणून आधी ती बाजूला काढायची, असं त्यांनी नंतर सांगितलं.

मग शब्द आले. पंधरा शब्द, सेकंदाला एक या चालीने वाचले. आठवतील तेवढे सांगा, क्रम नको. कोणते शब्द ते इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यातल्या कुणाला ही चाचणी द्यायची असेल तर तिची वाट लागेल. पहिल्या फेरीत माझे पाच आले. तेच पंधरा पुन्हा वाचले: सात. पुन्हा: आठ. चौथ्यांदाही आठच. पाचव्यांदा नऊ. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सगळे आले. मग एक दुसरीच यादी वाचली, तीही पंधराची, आणि ती म्हणून झाल्यावर मॅडमनी न वाचता विचारलं, “आता पहिली यादी सांगा.”

मी तोंड उघडलं आणि चार शब्दांनंतर समोर नुसती भिंत. रिकामी भिंत नव्हे. भिंतीपलीकडे शब्द आहेत हे कळत होतं, त्यांची कुजबुज ऐकू येत होती. अर्ध्या तासाने, मध्ये दुसरी कामं करून झाल्यावर, पुन्हा विचारलं. दोन. पाच वेळा कानावर पडलेल्या पंधरा शब्दांतले दोन. मला रडू आलं. मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली आणि काही बोलल्या नाहीत. त्या ‘छान, छान’ म्हणाल्या असत्या तर मी उठून गेले असते.

शेवटी त्यांनी एक लांबलचक यादी वाचली. यातला शब्द पहिल्या यादीत होता का, हो किंवा नाही एवढंच सांगायचं. तिथे मी पुष्कळ बरोबर ओळखले. म्हणजे शब्द आत जात होते, हाक मारल्यावर बाहेर येत नव्हते. पतसंस्थेतल्या खातेदारांचं हेच होतं. नाव कुणी सांगितलं की ‘हो, हो, तेच’.

चित्राचं वेगळंच झालं. एक भलतीच गुंतागुंतीची रेघांची आकृती समोर ठेवली. चौकट, तिच्यात तिरप्या रेघा, बाजूला त्रिकोण, कुठे टिंबं. बघून काढा म्हणाल्या, आणि मध्येच माझ्या हातातली पेन्सिल बदलून दुसऱ्या रंगाची देत राहिल्या, म्हणजे मी कुठून सुरुवात करून कुठे गेले ते त्यांना कळावं. लक्षात ठेवा असं मुळीच सांगितलं नाही. अर्ध्या तासाने कोरा कागद दिला: “ती आकृती आठवून काढा.” काय होतं काय की! पण पेन्सिल टेकवली आणि हात चालायला लागला. शिवणक्लासमध्ये वर्षानुवर्षं ब्लाउजचे कटिंग काढल्याचा परिणाम असेल, असं मी म्हटलं. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं.

एका मिनिटात भाज्यांची नावं सांगायची होती. हे त्यांच्याकडे शिकायला आलेली एक मुलगी घेत होती, बोलण्यावरून सदाशिव पेठेतली. मी सुरू केलं: वांगं, पालक, चवळी, सांबार... तिची पेन्सिल थांबली. “ताई, भाज्या. पदार्थ नाही.” मी म्हटलं, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. तेवढ्यात पाच-सहा सेकंद गेले आणि तंद्री मोडली ती वेगळीच. मॅडम मागून म्हणाल्या, “वर्धा जिल्ह्याच्या आहेत त्या. बरोबर धर, आणि वेळ थांबली होती असं लिही.” १९९७ ला असं मागून बोलणारं कुणी नव्हतं. ‘क’ वरून शब्द सांगा यात मात्र मी साफ झोपले. लहानपणी भेंड्या खेळतानासुद्धा माझ्यावर आलं की गाडी तिथेच अडायची, तेव्हा वाटायचं आपल्याला गाणीच येत नाहीत.

हाताने खुंट्या भोकांत बसवायच्या होत्या, बोट टेबलावर टकटक वाजवायचं होतं, नाव एका रंगाचं आणि छापलेलं दुसऱ्याच रंगात असा एक भंडावून सोडणारा तक्ता होता. ते सगळं साधारण झालं.

आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास मॅडमनी खणातून डबी काढली आणि लाल-पांढरे ठोकळे टेबलावर ठेवले.

मी म्हटलं, जरा थांबता का? त्या थांबल्या. मी एक ठोकळा उचलून बघितला. एक बाजू लाल, एक पांढरी, काही बाजू तिरप्या अर्ध्या-अर्ध्या. इतका लहान असेल असं वाटलं नव्हतं. मग त्यांनी कार्ड दाखवलं आणि मी लावायला घेतले. पहिलं झालं, दुसरं, पाचवं. एका कठीण नक्षीत दोन ठोकळे फिरवावे लागले तेवढंच. घड्याळाकडे माझं लक्षच नव्हतं. संपलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, “झालं, एवढेच आहेत.” मला अजून हवे होते.

जेवणाच्या सुट्टीत बाकावर लातूरकडच्या एक बाई आणि त्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याला वर्गात दिवसातून कितीतरी वेळा क्षणभर ‘बत्ती जाते’ असं त्या सांगत होत्या. गुरुजींना वाटतं मुद्दाम दुर्लक्ष करतो. सकाळी त्या त्याच्याबरोबर आत बसल्या होत्या आणि उत्तरं पुटपुटत होत्या, म्हणून त्यांना बाहेर बसायला सांगितलं होतं. त्याचा त्यांना राग आला होता. पोळीचा तुकडा त्याच्या तोंडात देत म्हणाल्या, “आता नीट सांग बरं का. नापास होऊ नको.” मी न राहवून म्हटलं, ताई, इथे पास-नापास नाही. त्याला जमत नाही ते दिसलं तरच कळेल की गोळी बदलायची, का शाळेत वेळ वाढवून मागायचा, का शिकवायची पद्धत वेगळी लागेल. त्यांनी माझ्याकडे ‘तुम्ही कोण?’ अशा नजरेनं बघितलं. बरोबरच होतं. मुलाचं काम त्या लोकांनी तुकड्या-तुकड्याने केलं. वीस मिनिटं झाली की खेळायला सोडत. शाळेत भरून द्यायला गुरुजींसाठी एक फॉर्मही दिला. मुलाचा मेंदू अजून वाढतो आहे, म्हणून आजचा निकाल कायमचा धरायचा नाही, वर्षाने पुन्हा या, असं त्या बाईंना माझ्यासमोर सांगितलं. माझ्या आईला हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर!

तीन आठवड्यांनी निकाल समजून घ्यायला आम्ही दोघं गेलो. मी पहिला प्रश्न तोच विचारला: आकडा किती? मॅडमनी सांगितला, पण एक नाही. बोलण्याकडचा ९४, हाताच्या कामाचा १०८. दोन्ही सर्वसाधारण. स्मरणाचे गुण त्यांनी वेगळे ठेवले होते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या २००४ च्या चाचण्यांच्या संचात वय, शिक्षण आणि स्त्री की पुरुष हे बघून तुलना करतात आणि १५ व्या पर्सेंटाइलखाली, म्हणजे शंभरातल्या शेवटच्या पंधरांत गेलं तर उणीव धरतात. शब्दांच्या आठवणीत मी त्याच्या बरीच खाली होते. आकृतीच्या आठवणीत चांगली वर. “म्हणजे डावीकडचा भाग कमी काम करतो आहे आणि उजवीकडचा नीट आहे. एमआरआय जे सांगतो, ईईजी जे सांगतो, तेच हे सांगतं. तिन्ही एकाच ठिकाणी बोट ठेवतात, हे सर्जनला हवं असतं.”

नवऱ्याने मोबाइलवर बरंच वाचलं होतं. त्याने एच.एम.बद्दल विचारलं. अमेरिकेत १९५३ मध्ये या रुग्णाच्या फिटा थांबाव्यात म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग काढला, आणि त्यानंतर त्याच्यात नवीन आठवण रुजेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं, तरी त्यांची ओळख त्याला दर वेळी नवीच. २००८ मध्ये तो गेला तेव्हा जगाला त्याचं हेन्री मोलेसन हे नाव कळलं. “हिचं तसं होईल का?” नवऱ्याचा आवाज चिरका झाला होता. मॅडम म्हणाल्या, त्याच्यामुळेच तर दुसरी बाजू आधी तपासतात. यांची दुसरी बाजू काम करते आहे, म्हणून तसं होण्याची भीती फार कमी. पण, आणि इथे त्यांनी कागद बाजूला ठेवला, शब्दांची आठवण आणखी थोडी घसरू शकते. ज्यांची आधी उत्तम असते त्यांचं नुकसान जास्त होतं. तुमची आधीच कमी आहे, त्यामुळे गमावण्यासारखं कमी उरलं आहे, पण काहीच नाही असं मी म्हणणार नाही.

मला हा हिशेब कळला. पतसंस्थेत थकीत कर्जाचंही आम्ही असंच बघतो.

१९९७ चा कागद मी पिशवीत नेला होता. बाबांनी लॅमिनेट करून ट्रंकेत जपून ठेवला होता. मॅडमनी तो वाचला, मग माझ्याकडून त्या रात्रीची फिट, गार्डिनाल, हिंदी हे सगळं विचारून घेतलं आणि नव्या रिपोर्टमध्ये चार ओळींची नोंद केली: जुना गुणांक कोणत्या परिस्थितीत काढला होता, म्हणून तो विश्वसनीय का धरता येत नाही. त्या चार ओळींचा फोटो मी बाबांना पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर नाही आलं. संध्याकाळी आईचा फोन आला, की बाबांनी आज जेवण लवकर आटोपलं आणि भावाच्या मुलीला पाढे शिकवत बसले आहेत.

ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची आहे. त्यानंतर वर्षाने फेरचाचणी, आणि यादी तेव्हा वेगळी असेल, कारण जुनी पाठ झालेली असू शकते म्हणे. हे ऐकून मला हसूच आलं. पण परवा काउंटरवर एका आजोबांच्या पिशवीतून एक वस्तू डोकावली आणि त्या पंधरातला तिसरा शब्द टपकन आठवला. महिना उलटून गेल्यावर. मॅडमना फोन करून सांगावं असं वाटलं, तेवढ्यात आजोबांनी पासबुक पुढे सरकवलं. त्यांचं नाव काही आठवेना. पासबुकावर वाचून घेतलं.